रक्त पातळ करायची गोळी : मनाने सुरू नको, मनाने बंद नको



या महिन्याचा आरोग्याचा धडा एका छोट्या गोळीबद्दल आहे. बचत आणि हप्त्यांचं काम आटोपलं की एकीने हा धडा मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत. सगळं मिळून पाऊण तास पुरेल.

आपल्या गावात या गोळीला "रक्त पातळ करायची गोळी" किंवा "हार्टची गोळी" म्हणतात. औषधाचं खरं नाव ॲस्पिरिन. मेडिकलमध्ये ती इकोस्प्रिन किंवा दुसऱ्या एखाद्या नावाने मिळते. किंमत अगदी कमी. स्वस्त आहे आणि सहज मिळते, म्हणून तिच्याबाबत दोन चुका घरोघरी होतात.

पहिली चूक : शेजारच्या काकांना डॉक्टरांनी दिली, मग "आपल्यालाही बरी" म्हणून कोणी स्वतःच सुरू करतं.

दुसरी चूक : ज्याला झटका येऊन गेला आहे, तो "आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळी" म्हणून स्वतःच बंद करतो.

दोन्ही चुका जिवावर बेतू शकतात. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या वेळेवर देण्याचं काम बहुतेक आपल्याच अंगावर असतं. म्हणून ही माहिती आपल्याला पाहिजे.

ही गोळी काय करते?

विळ्याने बोट कापलं की रक्त येतं आणि थोड्या वेळात आपोआप थांबतं. आपल्या रक्तात बारीक चकत्या असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि गाठ तयार करून भोक बुजवतात. देवाने दिलेली ही चांगली सोय आहे.

पण हीच गाठ हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर? ठिबकच्या नळीत क्षार बसतो तशी वयाबरोबर रक्तवाहिनीत आतून चरबी साचते. तंबाखू, बीपी, शुगर यांमुळे ती जास्त साचते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो. शरीराला वाटतं जखम झाली. प्लेटलेट धावून येतात, गाठ होते आणि नळी बंद पडते. पुढच्या हृदयाच्या भागाला रक्त मिळत नाही. हाच हार्ट अटॅक. मेंदूच्या नळीत असं झालं की पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो.

ॲस्पिरिन प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते. खरं तर ती रक्त "पातळ" करत नाही, गाठ होऊ देत नाही. एकदा प्लेटलेटवर परिणाम झाला की ती चकती मरेपर्यंत तो राहतो. चकतीचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणून गोळी बंद केली तरी परिणाम काही दिवस राहतो.

आता नीट लक्ष द्या. जी गोळी हृदयात गाठ होऊ देत नाही, तीच गोळी पोटात किंवा डोक्यात रक्त वाहू लागलं तर तिथेही गाठ होऊ देत नाही. शिवाय पोटाच्या आतल्या अस्तराचं जे संरक्षण असतं, तेही ही गोळी कमी करते. त्यामुळे पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. फायदा आणि धोका एकाच गोळीत आहेत. कोणाला फायदा जास्त आणि कोणाला धोका जास्त, हे ठरवायला डॉक्टर लागतात.

कोणाला ही गोळी खरंच हवी?

ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट (जाळी) बसवली आहे, ज्यांची बायपास झाली आहे, किंवा ज्यांना गाठीमुळे पक्षाघात झाला होता, अशांना डॉक्टर बहुतेक वेळा ही गोळी कायमची देतात. भारतात ती रोज ७५ मिलिग्रॅम किंवा १५० मिलिग्रॅम अशी देतात.

१९८८ साली हार्ट अटॅक आलेल्या १७,१८७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅक आल्यावर ज्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिली, त्यांच्यात दर १००० रुग्णांमागे सुमारे २४ मृत्यू कमी झाले. इतक्या स्वस्त गोळीने इतके जीव वाचतात, म्हणून ती जगभर वापरली जाते.

अशा माणसाने गोळी मनाने बंद केली तर पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. नवीन जाळी बसवली असेल तर जाळीतच गाठ होऊन ती बंद पडू शकते. त्या काळात बहुतेकांना दोन गोळ्या देतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी. दुसरी गोळी किती महिने घ्यायची ते डॉक्टर सांगतात. "पैसे संपले", "गावाला गेलो होतो", "बरं वाटतंय" ही कारणं जाळीला कळत नाहीत.

मग कधीच त्रास झालेला नाही, त्यांनी घ्यावी का?

पूर्वी असं समजत की पन्नाशी झाली की सगळ्यांनीच घ्यावी. आता तसं मानत नाहीत. २०१८ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, ते समजून घेऊ.

पहिला ब्रिटनमधला. शुगर आहे पण हृदयाचा त्रास झालेला नाही, अशा १५,४८० लोकांवर झाला. सुमारे सात वर्षांत गोळी घेणाऱ्यांमध्ये दर १००० जणांमागे सुमारे ११ जणांचा हार्ट अटॅक, पक्षाघात असा मोठा त्रास टळला. पण दर १००० मागे सुमारे ९ जणांना जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. म्हणजे एका हाताने आलं, दुसऱ्या हाताने गेलं.

दुसरा ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतला. बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, ठणठणीत अशा १९,११४ लोकांवर झाला. त्यांना हृदयासाठी ठळक फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

म्हणून २०२२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने सांगितलं की, हृदयाचा त्रास झालेला नसेल तर ६० वर्षांनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये. ४० ते ५९ वयात प्रत्येकाचा धोका बघून डॉक्टरांनी ठरवावं.

आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. झटका, जाळी, लकवा यांपैकी काही झालेलं नसेल, तर गोळी स्वतःहून सुरू करायची नाही. आणि डॉक्टरांनी आधीच दिली असेल, तर हा लेख वाचून बंदही करायची नाही. पुढच्या भेटीत विचारायचं : "डॉक्टर, मला ही गोळी कशासाठी दिली आहे? अजून लागते का?" असं विचारण्यात काहीच गैर नाही.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं?

पुढचं काही असेल तर गोळी घेण्याआधी सांगितलंच पाहिजे :

१. पोटात अल्सर झाला होता, किंवा उलटीतून वा शौचातून कधी रक्त गेलं होतं.
२. ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेतल्यावर दम लागतो, अंगावर गांधी उठतात, तोंड सुजतं.
३. किडनी किंवा लिव्हरचा आजार आहे.
४. बीपी खूप वाढलेलं असतं, गोळ्या नियमित नाहीत.
५. घरातली व्यक्ती रोज दारू पिते. दारू आणि ही गोळी एकत्र आली की पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. हे लपवू नका.
६. पाळीत अंगावरून खूप जातं, किंवा हिमोग्लोबिन कमी आहे.

सहावा मुद्दा आपल्या जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच रक्त कमी, त्यात पोटातून थेंब थेंब जात राहिलं, तर कळतही नाही. फक्त थकवा वाढत जातो आणि आपण म्हणतो "कामाचा ताण आहे".

गरोदरपणाबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्या बाईला गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त आहे, तिला डॉक्टर साधारण तिसरा महिना संपल्यावर कमी ताकदीची ॲस्पिरिन देतात. ती आई आणि बाळ दोघांसाठी असते. "गरोदर बाईला रक्त पातळ करायची गोळी कशी काय?" म्हणून सासूबाईंनी ती बंद करू नये. पण गरोदर बाईने डोकं दुखतं म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नये.

आणि लहान मुलांना, म्हणजे १६ वर्षांच्या आतल्यांना, ताप-सर्दीत ॲस्पिरिन कधीही देऊ नका. मेंदू आणि लिव्हरवर परिणाम करणारा एक दुर्मिळ पण जीवघेणा आजार त्यातून होऊ शकतो.

रोज घेताना काय पाळायचं?

- डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी. उपाशीपोटी नको.
- एकादशी, चतुर्थी, नवरात्राच्या उपासात गोळीला सुट्टी नाही. फराळ करून किंवा केळं-दूध घेऊन गोळी घ्यावी. रोजे असतील तर इफ्तारनंतर घेतली तरी चालते का, ते डॉक्टरांना विचारून वेळ ठरवून घ्या.
- वरून गुळगुळीत आवरण असलेली गोळी रोज घेताना तोडू नका, चावू नका, कुटू नका. अख्खी गिळा. आवरण आहे म्हणून पोटाला धोका नाही, असंही समजू नका.
- एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा त्या दिवशीची घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
- पोटाच्या संरक्षणाची गोळीही दिली असेल तर "ही पित्ताची, नाही घेतली तरी चालेल" असं म्हणू नका. ती मुद्दाम दिलेली असते.
- काही गोळ्यांत ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र असतं. नावापुढे "एव्ही" असतं, तशी. दुकानदाराने एकत्र गोळीही दिली आणि साधीही दिली, तर ॲस्पिरिन दोनदा पोटात जाते. पाकिटावरचं लहान अक्षरातलं नाव लेकीकडून-नातवाकडून वाचून घ्या.
- गोळ्या मोरीजवळ किंवा चुलीजवळ ठेवू नका. ओल लागलेली ॲस्पिरिन बिघडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. असा वास आला तर ती टाकून द्या.
- दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल, तर आधीच सांगा. बंद करायची की नाही, किती दिवस, हे ऑपरेशन करणारे आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

दुखण्याच्या गोळ्या आणि ताप

दिवसभर खुरपणी केली, ऊस तोडला, की रात्री कंबर-गुडघे बोलतात. मग किराणा दुकानातून दोन रुपयांची गोळी येते. त्यात बहुतेक वेळा आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असतं. हृदयाच्या गोळीबरोबर हे घेतलं की पोटातून रक्त जाण्याचा धोका फार वाढतो. आयब्युप्रोफेनमुळे तर ॲस्पिरिनचा हृदयाला होणारा फायदाही कमी होऊ शकतो. डोकेदुखीच्या डिस्प्रिनमध्ये तर ॲस्पिरिनच असते, आणि ती जास्त ताकदीची असते.

सांधेदुखीसाठी बाजारात विकतात त्या बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा. त्यांत दुखण्याची औषधं मिसळलेली असू शकतात. दुखणं-तापासाठी साधी पॅरासिटामॉल, सांगितलेल्या प्रमाणात, ही त्यातल्या त्यात सुरक्षित.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ येते. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. म्हणून तापात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. हृदयासाठी रोज गोळी चालू असलेल्याला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन "ही गोळी चालू आहे" असं सांगा.

धोक्याच्या खुणा

गोळी चालू असताना पुढचं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा :

- शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होणे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका आली तर तपासून घ्या.)
- उलटीत रक्त, किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी.
- अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर.
- नाकातून किंवा जखमेतून रक्त १५ मिनिटं दाबून धरूनही न थांबणं.
- गोळी घेतल्यावर दम लागणं, ओठ-चेहरा सुजणं.

थोडं खरचटल्यावर जास्त वेळ रक्त येणं, अंगावर एखादा निळा डाग पडणं हे या गोळीने होतं. तेवढ्यासाठी गोळी बंद करू नका. पुढच्या भेटीत सांगा.

छातीत दुखू लागलं तर

छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, दुखणं हातात-जबड्यात-पाठीत जाणं, दरदरून घाम, दम, मळमळ. बायकांमध्ये कधी कधी छातीत फार दुखतच नाही. नुसता दम, मळमळ, पाठदुखी आणि विलक्षण थकवा येतो. आपण "गॅस झालाय" म्हणून ओवा खाऊन पडून राहतो आणि मोलाचा वेळ जातो.

अशा वेळी :

१. आधी १०८ ला फोन. सेवा मोफत आहे.
२. माणसाला टेकवून बसवा, चालायला लावू नका.
३. फोनवर किंवा डॉक्टरांना विचारा, "ॲस्पिरिन देऊ का?" हो म्हणाले, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ च्या असतील तर चार. रोजची गोळी अख्खी गिळायची, पण या वेळी चावायची, म्हणजे लवकर लागू पडते.
४. दुसऱ्या कोणाची जिभेखालची गोळी देऊ नका. बीपी एकदम खाली जाऊ शकतं.
५. गोळी दिली म्हणजे झालं असं नाही. दवाखाना गाठायचाच.

लकव्याची लक्षणं वेगळी : तोंड वाकडं होणं, एक हात वर न उचलणं, बोलणं अडखळणं. इथे घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. लकवा कधी गाठीने होतो, कधी मेंदूत रक्त वाहून. ते फक्त सीटी स्कॅनमध्ये कळतं. रक्त वाहत असेल आणि आपण ही गोळी दिली तर नुकसान वाढेल. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या.

गोळीच्या आधीचं काम

झटका न आलेल्या माणसासाठी गोळीपेक्षा मोठं काम पुढच्या गोष्टी करतात. मिश्री, तंबाखू, विडी बंद करणं. मिश्री दाताला लावली तरी तंबाखूच आहे. दिवसभरात माणशी एक लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ. त्यात लोणचं, पापड, खारं सगळं आलं. बीपी-शुगरच्या गोळ्या रोज घेणं. आणि वर्षातून एकदा तपासणी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई त्यासाठी घरी येऊन फॉर्म भरतात. त्यांना "नंतर या" म्हणू नका.

बैठकीत चर्चा करा

१. एका ताईच्या नवऱ्याला आठ महिन्यांपूर्वी जाळी बसवली. कर्जाचा हप्ता आणि औषधं एकाच वेळी जमेनात, म्हणून त्यांनी गोळ्या एक दिवसाआड करायचं ठरवलं. आपण काय सांगू?

(एक दिवसाआड नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जनऔषधी केंद्रात विचारावं, तिथे मोफत किंवा स्वस्तात मिळण्याची शक्यता असते. गटाने हप्त्याची मुदत वाढवून द्यावी का, हेही बोलता येईल.)

२. पंचावन्न वर्षांच्या ताईंना शुगर आहे, हृदयाचा त्रास कधीच नाही. बहिणीने सांगितलं म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळी आणली. बरोबर आहे का?

(नाही. आधी डॉक्टरांना विचारावं. तोवर शुगर-बीपीच्या गोळ्या नीट घ्याव्यात.)

३. सासरे रोज हृदयाची गोळी घेतात. गुडघ्यासाठी दुकानातली गोळीही घेतात. दोन दिवस शौचाला डांबरासारखी काळी होतेय. काय करायचं?

(दुकानातली गोळी बंद. त्याच दिवशी दवाखाना, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. हृदयाच्या गोळीचं काय ते डॉक्टर सांगतील.)

या महिन्यात गटाने करायचं काम

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून आणावीत. त्या दिवशी आशाताई किंवा नर्सबाईंना बोलवावं. प्रत्येक घरासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणाची गोळी, गोळीचं नाव, कशासाठी, कधी घ्यायची. तो कागद देव्हाऱ्याजवळ किंवा दाराच्या मागे चिकटवावा. मोठ्या अक्षरात १०८ लिहावं. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढाव्यात.

एका संध्याकाळचं काम आहे. पण रात्री-अपरात्री कोणाला त्रास झाला, तर गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात तो कागद देता येईल, आणि "कुठली तरी पांढरी गोळी घेतात" एवढंच सांगायची वेळ आपल्यावर येणार नाही.